कॉलनीतलं भूत

"झटक," मॅडम म्हणाल्या.

मी झटकलं. इमारतीच्या पार्किंगमध्ये माझं गाठोडं सोडलेलं होतं. एकेक कपडा उचलायचा, दोन टोकं धरून झटकायचा, बाजूला टाकायचा. साड्या, पँटी, शाळेचे युनिफॉर्म, परकर. सहा बायका जिन्याच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. वॉचमन आबा गेटपाशी मान खाली घालून उभा होता.

तासाभरापूर्वी याच मॅडमनी मला तीन साड्या आणि साहेबांच्या दोन पँटी देऊन स्टीलचं पातेलं घेतलं होतं. अर्धा तास घासाघीस झाली होती. आता त्यांच्या सोन्याच्या कुड्या सापडत नव्हत्या. कपड्यांतूनच गेल्या असणार, असं त्यांचं म्हणणं.

सगळा ढीग झटकून झाला. काही पडलं नाही.

"आता तुझं."

मला आधी कळलं नाही.

"तुझं लुगडं. पदर सोड. झटक."

मी पदर सोडला. झटकला.

"निऱ्या."

मी आबाकडे पाहिलं. आबाने पाठ फिरवली. एक बाई म्हणाली, "जाऊ द्या ना." पण ती मॅडमकडे बघत म्हणाली, माझ्याकडे नाही. मी निऱ्या सोडल्या. परकरावर उभी राहून पाच वार लुगडं त्या सहा जणींसमोर झटकलं. त्यातून माझी तंबाखूची डबी पडली. एकजण हसली.

"ठीक आहे. जा," मॅडम म्हणाल्या. एवढंच.

मी जुन्या कपड्यांवर भांडी देते. सातवीपर्यंत शाळा झाली. माहेर सोनगीरचं, सासर जळगावचं. नवरा डाळमिलमध्ये पोती उचलतो. पहिली टोपली मी दीपनगरच्या क्वार्टरमध्ये उतरवली. तिथल्या साड्यांनाही वीजकेंद्राच्या राखेचा वास असायचा. उन्हाकडे धरली की साडी कुठे विरलीय ते मला दिसतं. पँट उलटी केली की मागच्या शिवणीवरून सांगते, आणखी किती दिवस चालेल. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. गिऱ्हाईक अडलं की मी टोपली डोक्यावर घेते आणि तीन पावलं चालते. चौथ्याला हाक येतेच. हाक आली नाही तर समजायचं, त्या बाईला पातेलं नकोच होतं. टोपलीची गाडी झाली, गाडीचं दुकान झालं, तरी कॉलन्यांतले कपडे मी स्वतः फिरूनच घ्यायचे. बाजारात माझ्याशी भाव करायला बाया दोघी मिळून यायच्या, एकट्या येत नसत.

म्हणून हे नीट समजून घ्या. त्या दिवशी गाठोडं बांधून मी चालायला लागले, तेव्हा मागून हाक यावी असं मला वाटत होतं. कुणी म्हणावं, बाई, चुकलं. तीन पावलं झाली. तीस झाली. गेट आलं.

हाक आली नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी लोक गव्हाच्या कोठ्या रिकाम्या करतात, पुसतात, नवा गहू भरतात. मॅडमच्या कोठीच्या तळाशी रुमालात बांधलेल्या कुड्या निघाल्या. त्यांनीच लपवल्या होत्या आणि त्याच विसरल्या होत्या. हे मला आबाने सांगितलं, इकडेतिकडे बघत. "सापडल्या बरं का. कोठीत होत्या. माझं नाव नको घेऊ."

मी चार जिने चढून गेले. जाळीचं दार होतं. आत पंखा चालू होता.

"कुड्या सापडल्या म्हणे."

"हो. मग?"

"मग काही बोलायचं नाही का?"

मॅडम जाळीजवळ आल्या. "आता काय पाया पडू तुझ्या? गैरसमज झाला. होतो माणसाकडून." आणि आतलं लाकडी दार लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी गाठोडं बांधत होते. मागून आवाज आला. स्वच्छ, कानाशी.

झटक.

मी वळले. कुणी नव्हतं. भिंतीवर पोरीचं दप्तर होतं, बस.

लोकांना वाटतं, वेड म्हणजे डोकं एकदम फिरतं. तसं नसतं. डोकं चालू असतं. मी हिशोबात चुकत नव्हते, रस्ता चुकत नव्हते. फक्त तो आवाज होता आणि तो मॅडमचा होता. तोच स्वर, शेवटाला थोडा ओढलेला. सुरुवातीला मी त्याला शिव्या दिल्या. मग एकदा गप्प बसावा म्हणून चादर झटकली, तर तो खरंच गप्प बसला. तिथे फसले. मग दुसरी चादर. मग गोधड्या. मग डबे रिकामे करून झटकले, पीठ घरभर. मग रस्त्यात उभी राहून अंगावरचा पदर. गल्लीतल्या बाया दारं लावून घेऊ लागल्या. एक म्हणाली, मला ऐकू जाईल अशी, "हिले बाहेरनं लागेल शे." म्हणजे भूत लागलंय.

माझी झोप गेली. मग जेवण. आवाज वाढला. म्हणायचा, तुझ्या अंगात अजून आहे, तू गिळलंस, तुझ्या पोरीच्या अंगात लपवलंस.

एका सकाळी मी माझ्या पोरीला दोन्ही दंडांना धरून झटकलं. आठ वर्षांची होती. तिचं डोकं पुढेमागे हलत होतं, दात ओठात घुसला, फ्रॉकवर रक्त आलं. ती रडत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. नवऱ्याने मला मागून धरून भिंतीवर ढकललं. "पोर शे ती," एवढंच ओरडत होता, पुन्हा पुन्हा.

हे मी लपवत नाही. माझ्यावर जे झालं ते सांगायचं, तर मी जे केलं तेही सांगावं लागेल.

नवऱ्याने त्याच्या थोरल्या भावाला बोलावलं. घरात सगळे त्याला नाना म्हणतात. नाना आला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी ठरवली. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याच्या ओळखीचा, भुतं उतरवणारा एक भगत होता.

तिथे मला लाकडी खांबाला बांधलं. काथ्याच्या दोरीने, मनगटं मागे. समोर पाटीत निखारे होते. त्यांवर मिरच्या टाकल्या आणि माझं तोंड धुरात दाबलं. नानाने केस धरले होते. श्वास घेतला की छातीत सुरे जायचे. नाही घेतला तर भगत पाठीवर दोरी हाणायचा, मग आपोआप घेतला जायचा.

"कोन शे तू?" नाना विचारायचा. "नाव सांग."

भूत नाव सांगतं, मग सोडून जातं, अशी त्यांची रीत. मला वाटलं, विचारतायत तर सांगावं. खोकत खोकत मी सांगितलं, "मॅडम."

"कोठली मॅडम?"

मी कॉलनीचं नाव सांगितलं. इमारतीचं सांगितलं. चौथा मजला सांगितला.

नाना हसला. भगताला म्हणाला, "कॉलनीमधलं भूत शे हाई. फ्लॅटमा ऱ्हास." भगतही हसला. मग पुन्हा मिरची.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवायला माझा एक हात सोडला. समोर ताट होतं, पितळी, जाड काठाचं. मी ते नानाच्या तोंडावर मारलं. त्याचे पुढचे दोन दात पडले. त्यानंतर त्यांनी मला जे मारलं, त्याचे वळ आजही पाठीवर आहेत. उजव्या कानाने मला कमी ऐकू येतं. गंमत बघा, तो आवाज मात्र दोन्ही कानांनी येतो.

माझी आई सोनगीरहून आली. कुणी निरोप दिला माहीत नाही. तिने नानाला काही म्हटलं नाही, भगताला काही म्हटलं नाही. दोरी सोडताना मला एवढंच विचारलं, "काय व्हयनं तुले, सांग ना." मी सांगितलं. तिला निम्मं कळलं. तिने मला धुळ्याला एका डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर वाईट नव्हता. त्याच्याकडे वेळ नव्हता. बाहेर व्हरांड्यात माणसं जमिनीवर बसलेली होती. त्याने आईला विचारलं, "झोपते का? खाते का? अंगावर धावते का?" मी मध्येच उभी होते, जशी दुकानात दोघांच्या मध्ये परात असते. मग त्याने मला विचारलं, "आवाज येतात?"

"येतो. त्या कॉलनीतल्या..."

"येतात," तो म्हणाला आणि लिहायला लागला.

मी वाक्य पुरं केलं नाही. लिहून झालं होतं.

गोळ्यांनी झोप आली. सहा महिन्यांची झोप एकदम आली. आवाज लांब गेला, जसा शेजारच्या गल्लीतला लाउडस्पीकर. जीभ जड झाली, लाळ गळायची, हात थरथरायचे. ती गोळी बदलून दुसरी दिली, मग थरथर कमी झाली. मी गोळी आजही घेते. गोळीला मी नावं ठेवणार नाही. तिने मला माझ्या पोरीसमोर पुन्हा उभं राहण्याइतकं शांत केलं. पण गोळी आवाज लांब नेते. तो आवाज कुणाचा आहे आणि का आला, हे तिला कुणी विचारलेलं नसतं.

धुळ्यात एका शाळेच्या खोलीत गुरुवारी काही माणसं जमायची. आवाज ऐकणारी, संशय घेणारी, घरच्यांनी टाकलेली. एक संस्था ते चालवायची. तिथली एक पोरगी, पंचविशीची, सगळे तिला ताई म्हणत. आईने मला तिथे नेऊन बसवलं. मी दोन गुरुवार गप्प बसले. तिसऱ्या गुरुवारी ताई माझ्याशेजारी सतरंजीवर बसली.

"अक्का, आवाज काय म्हणतो?"

"झटक म्हणतो."

"बाईचा आहे?"

"बाईचा."

"ओळखीची?"

मी तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत भूत काढण्यापुरतं सोडलं, तर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी तिला पार्किंगपासून सगळं सांगितलं. तिने वहीत काही लिहिलं नाही. निऱ्यांपाशी आले तेव्हा तिने स्वतःची ओढणी मुठीत धरली होती.

"आणि आता त्या आवाजाला काय हवंय?"

"सगळं. सगळं घर झटकून हवंय."

"तुम्ही धंदा काय करता, अक्का?"

"कपड्यावर भांडी."

"गिऱ्हाईक म्हणालं सगळी टोपली द्या, तर देता?"

मी हसले. किती महिन्यांनी, आठवत नाही. "मी काय खुळी आहे?"

ती पण हसली. "मग यालाच का देता?"

तिने मला काही मंत्र दिला नाही. म्हणाली, आवाज आला की घाबरून लगेच ऐकायचं नाही, भांडतही बसायचं नाही. काय मागतो ते ऐका, तुम्ही किती द्यायचं ते ठरवा, वेळ तुम्ही ठरवा. तिच्याजवळ यासाठी पुस्तकातला काही शब्द होता. मला शब्दाची गरज नव्हती. पहिला सांगितलेला भाव कधीच खरा भाव नसतो, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

सोनगीरला आईच्या ओट्यावर बसून मी सौदा केला. आवाज म्हणाला, सगळं झटक. मी म्हटलं, एक टॉवेल. तो म्हणाला, चोरटी, तुझ्या अंगात आहे. मी म्हटलं, एक टॉवेल, संध्याकाळी पाचला, त्याआधी नाही. तो वाढला. इतका वाढला की मी कानांवर हात दाबून बसले. मग मी उठले, आईची रिकामी पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि अंगणात तीन पावलं चालले.

चौथ्याला तो म्हणाला, बरं.

खरं सांगते. बरं म्हणाला. नाराजीने, जशी गिऱ्हाईक बाई म्हणते.

पाच वाजता मी एक टॉवेल झटकला. चार महिन्यांत टॉवेलवरून रुमालावर आणला. रुमालावरून आठवड्यातून एकदा. गुरुवारी खोलीत हे सांगितलं, तेव्हा तिथला एक दाढीवाला माणूस, ज्याला त्याचा मेलेला मालक दिवसभर शिव्या द्यायचा, म्हणाला, "बाई, माझ्याकडून पण तुम्हीच बोला त्याच्याशी." सगळे हसले. मी म्हटलं, दलाली पडेल.

मग मी जळगावला परत आले. माझ्याजवळ यायला पोरीने तिचा वेळ घेतला. नानाशी मी आजही बोलत नाही. नवऱ्याने एकदा माझ्यासमोर बसून म्हटलं, "मले काही समजे ना, मी काय करू?" मी त्याला ते माफ केलेलं नाही, पण ऐकून घेतलं.

आणि मी पुन्हा धंद्याला निघाले. तिथे मला नवीनच मार बसला.

पूर्वी त्या कॉलन्यांतल्या बाया माझ्याशी तास-तास भांडायच्या. "तीन साड्यांवर एवढंसं पातेलं? लाज वाटत नाही?" "वहिनी, ही साडी आहे की मच्छरदाणी?" "मागच्या वेळी डब्याचं झाकण बसत नव्हतं, आधी त्याचं बोल." असं चालायचं. त्या मला लबाड म्हणायच्या, मी त्यांना चिक्कू म्हणायचे, आणि मधूनच कुणी चहा द्यायची.

मी वेडी झाल्याची बातमी माझ्याआधी तिथे पोचली होती. आता त्या भाव करत नव्हत्या. जाळीच्या आडून कपडे सरकवायच्या. "तू म्हणशील तसं." आतून कुणीतरी कुजबुजायचं, "तिच्याशी वाद घालू नको गं, भडकेल."

एका दारात मी मुद्दाम म्हटलं, या चार साड्या आणि वर ही नवी पँट, त्यावर एक चमचा देईन. चहाचा चमचा.

"हो, चालेल," ती बाई म्हणाली. हसत म्हणाली, लहान पोराशी हसतात तसं.

मी चारही साड्या जाळीवर फेकल्या. चमचा फेकला. "भांड माझ्याशी," मी ओरडले. "चमच्यावर कोण देतं गं चार साड्या? भांड." तिने दार लावून घेतलं. अर्थात लावलं. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना सांगितलं असेल, बघा, भडकली.

दोरीचा मार अंगावर बसतो. हा मार कुठे बसतो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तुमच्या बोलण्याला कुणी नाही म्हणतच नाही. कारण तुमचं बोलणं हे बोलणंच उरलेलं नसतं.

मग जळगावात तो कार्यक्रम झाला. मानसिक आजारांबद्दल लोकांचे गैरसमज दूर करायचे म्हणून. ताईच्या संस्थेचा आणि एका महिला मंडळाचा मिळून. ताई म्हणाली, "अक्का, तुम्ही बोला. स्वतः अनुभव घेतलेलं माणूस बोललं की लोक ऐकतात." मंडळाने मला एक कागद पाठवला होता, मी काय वाचायचं त्याचा. मी आजारी होते. मला आवाज ऐकू येत. घरच्यांनी अंधश्रद्धेपोटी भगताकडे नेलं. मग योग्य उपचार मिळाले. आज मी बरी आहे. औषधे वेळेवर घ्या.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण पार्किंग कुठेच नव्हतं. जणू एक दिवस मी गाठोडं बांधत होते आणि आभाळातून आवाज पडला.

हॉल भरलेला होता. स्टेजवर खुर्च्या, पांढरी चादर घातलेलं टेबल, काचेचे ग्लास. मी चढले आणि मंडळाच्या अध्यक्षा पुढे आल्या, हातात शाल आणि नारळ घेऊन.

त्याच मॅडम.

मला ताईने सांगितलं नव्हतं, कारण ताईला माहीत नव्हतं. मी मॅडमचं नाव कधी घेतलंच नव्हतं. मला त्यांचं नाव माहीतच नव्हतं. आमच्या धंद्यात मॅडम म्हणजे मॅडम.

"अगं, तू," त्या म्हणाल्या. ओळखलं त्यांनी. माझ्या खांद्यावर शाल टाकली, माझ्या हातात नारळ दिला आणि माइकवर बोलल्या, "ही आमच्याकडे पूर्वी जुने कपडे घ्यायला यायची. अतिशय कष्टाळू. अशा लोकांना आपण प्रेमाने, आपुलकीने वागवलं पाहिजे." टाळ्या झाल्या.

मला माइक दिला. मी कागद उघडला. मी आजारी होते, वाचलं. मला आवाज ऐकू येत, वाचलं. मग कागद खाली ठेवला.

"आवाज काय म्हणायचा ते इथे लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "तो म्हणायचा, झटक. तो आवाज या मॅडमचा होता. यांच्या कुड्या हरवल्या, तेव्हा यांनी मला पार्किंगमध्ये लुगडं सोडून झटकायला लावलं. सहा बायकांसमोर. कुड्या यांच्या गव्हाच्या कोठीत निघाल्या. मी विचारायला गेले, तर दार लावलं."

मी मॅडमकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती आली, मला दिसली. साडीतली विरलेली जागा दिसते तशी. पण एकच क्षण. मग त्यांनी मान तिरकी केली, डोळ्यांत दया आणली आणि दुसरा माइक घेतला.

"पाहा," त्या लोकांना म्हणाल्या, हळू आवाजात, शिकवल्यासारख्या. "यालाच भास म्हणतात."

मागून एक बाई म्हणाली, "बिचारी." दुसरीने विचारलं, "गोळी घेतली होती का आज?" दोघींनी येऊन माझे दंड धरले, प्रेमाने, आपुलकीने. त्या पकडीत आणि नानाच्या पकडीत मला फरक वाटला नाही.

माझ्या हातात नारळ होता. मॅडमचं डोकं हातभर अंतरावर होतं. हे मी लपवत नाही. घालायचा होता. डोक्यात घालायचा, फुटेपर्यंत घालायचा. माझा हात वर गेला, हे हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिलं. टेबलावरचे दोन ग्लास माझ्या कोपराने खाली पडून फुटले. कुणीतरी किंचाळलं.

त्या क्षणात मी भाव केला. नारळ घातला तर यांना काय मिळतं? सगळं. भास खरा ठरतो, कुड्या खोट्या ठरतात, पोलिसांची गाडी येते आणि पुन्हा खांब. नाही घातला तर मला काय मिळतं? जवळजवळ काही नाही. फक्त माझं बोलणं तिथेच राहतं, जिथे मी ठेवलंय.

मी नारळ टेबलावर ठेवला. शाल काढून त्यावर ठेवली. दंडावरचे हात झटकले आणि स्टेजवरच्या खुर्चीवर बसले. "मी बसते," मी म्हटलं. "बोलवा ज्याला बोलवायचं त्याला."

ताई पळत वर आली. तिने माइक घेतला. "त्या आत्ता आजारपणात बोलत नाहीयेत," ती म्हणाली. "त्या सांगतात ते घडलेलं असू शकतं."

कार्यक्रम संपवला गेला. चहा रद्द झाला. बाहेर रिक्षात बसताना मी ताईला विचारलं, "शकतं म्हणजे काय गं? असू शकतं?"

"मी तिथे नव्हते ना, अक्का."

"मी पण तुझ्या परीक्षेला नव्हते. तुझी डिग्री मी मानतेच ना?"

ती रडायला लागली. मी तिचे डोळे पुसले नाहीत. ज्या पोरीने मला पहिल्यांदा विचारलं, तिनेही भरल्या हॉलमध्ये अर्धं माप घातलं. मी तिच्या गुरुवारी आजही जाते. पण त्या अर्ध्या मापाची तिला दर गुरुवारी आठवण करून देते.

चार दिवसांनी मॅडमचा निरोप आला, ताईकडूनच. त्या मला घरी बोलवत होत्या. दोघीच बसू, चहा घेऊ, मनातलं काढून टाकू, त्यांना वाईट वाटतंय, एक चांगली साडी पण ठेवलीय. फक्त पुन्हा कुठे असं जाहीर बोलू नये, त्यांच्या साहेबांची पोझिशन आहे.

म्हणजे खरं होतं. भास होता तर सौदा कशाला?

मी कळवलं, माफी हवी, पण चारचौघींत, जिथे झटकायला लावलं तिथे. उलट निरोप आला, घरी, पण दोन बायका समोर असतील. मी म्हटलं, नाही. मग, फोनवर मंडळाच्या गटात लिहून टाकते, नाव न घेता. मी म्हटलं, नाही. त्या खाली खाली येत होत्या आणि मी एक पै सरकले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी असा सौदा करते आहे, ज्यात माझा पहिला भाव हाच शेवटचा आहे. तो त्यांनी अजून दिलेला नाही. देतील असंही मला वाटत नाही.

भगताकडे विचारलं तेव्हा मी नाव सांगितलं, त्यांनी ते भुताचं मानलं. डॉक्टरला सांगायला गेले, त्याने आजाराचं मानलं. हॉलमध्ये सांगितलं, त्यांनी भास मानला. लोक आता शहाणे झालेत म्हणतात, भूत मानत नाहीत, आजार मानतात. मला तो बदल मोठा वाटत नाही. भूत म्हटलं तरी मॅडम सुटतात, आजार म्हटलं तरी मॅडम सुटतात. मी आजारी होते. आहे. आणि तरी कुड्या कोठीतच होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, एवढं साधं वाक्य भरल्या हॉलच्या डोक्यात शिरत नाही, तर मग कुणाच्या डोक्यात बिघाड आहे?

आता मला एरंडोलच्या एका शाळेत बोलावलंय, पालकांच्या सभेत. भुसावळलाही एक कार्यक्रम आहे. या वेळी कुणाचा कागद घेणार नाही. जाताना गोळ्यांचं पाकीट नेणार आहे. बोलायच्या आधी ते टेबलावर ठेवणार, सगळ्यांना दिसेल असं, आणि म्हणणार, आजची गोळी सकाळी घेतली आहे, मोजून बघा. आता तो प्रश्न संपला.

मग सांगणार. इमारत सांगणार, मजला सांगणार. दंड धरायला कुणी आलं, तर हात लावू देणार नाही. कुणी बिचारी म्हणालं, तर थांबून त्याला उभं करणार आणि विचारणार, कुठलं वाक्य खोटं आहे ते बोट ठेवून दाखव. भांड माझ्याशी.

आणि ज्याला ऐकायचं नसेल, त्याने उठून जावं. मी खुर्ची सोडणार नाही.